घरच्या संघाला न मिळालेला गुरू

वेल्समधल्या केव्हनाइथिन या खाणकामगारांच्या गावात १९२९ साली कार्विन जेम्स यांचा जन्म झाला. लानेली क्लबकडून रग्बी खेळणाऱ्या कार्विनना देशाकडून मात्र दोनच सामने मिळाले, तेही १९५८ साली. कारण त्यांच्या जागेवर क्लिफ मॉर्गन हा मातब्बर खेळाडू होता.

कार्विन पेशाने वेल्श भाषेचे शिक्षक. प्रशिक्षक झाल्यावरही त्यांच्यातला मास्तर जागा होता. हुकूम सोडण्यापेक्षा खेळाडूंना विचार करायला लावणे त्यांना अधिक पसंत होते. १९७१ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली ब्रिटिश लायन्स संघाने न्यूझीलंडमध्ये चार कसोटींपैकी दोन जिंकल्या, एक बरोबरीत सोडवली. तिथे लायन्सने जिंकलेली ही आजवरची एकमेव मालिका! पुढच्याच वर्षी त्यांच्या लानेलीने न्यूझीलंडला ९-३ असे हरवले.

तरीही वेल्सचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे कधीच आले नाही. संघनिवडीत प्रशिक्षकाचा शब्द चालला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि संघटनेला तो मानवला नाही. पुढे इटलीतल्या रोव्हिगो क्लबला त्यांनी १९७९ साली विजेतेपद मिळवून दिले. १९८३ साली ॲमस्टरडॅममध्ये ते वारले. परक्या मुलखाने ज्यांचे ऐकले, त्यांचे ऐकायला घरचेच तेवढे राहून गेले.