पालक-सहभाग (अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण कायद्यांतील)

शाळेच्या कारभारात पालकांना मिळालेले हक्क आणि ते हक्क त्यांना समजावून देण्याची शाळेवर टाकलेली जबाबदारी. अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही; शाळा चालवतात राज्ये आणि स्थानिक शाळा-मंडळे. केंद्र खर्चाचा लहानसा वाटा उचलते, पण पैशाबरोबर अटी घालते. पालकांचे हे हक्क बहुतांशी त्या अटींतून आले आहेत.

मूळ कायदा प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा. ११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली ती टेक्ससमध्ये, लहानपणी ज्या एकखोली शाळेत ते जात होते तिच्या आवारात. शेजारी त्यांच्या पहिल्या शिक्षिका केट लोनी बसल्या होत्या. गरीब मुलांच्या शाळांना अनुदान देणारे ‘टायटल वन’ हे त्याचे प्रमुख प्रकरण. पालक सल्लागार मंडळे सत्तरच्या दशकात सक्तीची झाली, १९८१ मध्ये ती सक्ती उठली आणि १९८८ मध्ये पालक-सहभाग कायद्यात परतला. १० डिसेंबर २०१५ च्या सुधारित कायद्यात ‘पालक’ या शब्दाला ‘कुटुंब’ जोडले गेले. आजी-आजोबांकडे वाढणारी मुले पाहता हे योग्यच झाले.

टायटल वन शाळेला दरवर्षी पालकांची सभा घ्यावी लागते. सभा सकाळी किंवा संध्याकाळीही ठेवता येते; येण्याजाण्याचा आणि तेवढ्या वेळात मुले सांभाळण्याचा खर्च अनुदानातून करता येतो. हे कलम लिहिणाऱ्याला दोन पाळ्यांत राबणारे आईबाप ठाऊक असावेत. पाच लाख डॉलरहून अधिक अनुदान मिळणाऱ्या शाळा-जिल्ह्याने किमान १ टक्का रक्कम कुटुंब-सहभागासाठी राखायची आणि ती कशी खर्चायची हे ठरवताना पालकांना सामील करून घ्यायचे. शाळेची योजना पालकांना पटली नाही, तर त्यांचे आक्षेप योजनेसोबत जिल्ह्याकडे पाठवावे लागतात. राज्याच्या पात्रता-अटी पूर्ण न करणारा शिक्षक सलग चार आठवडे वर्गावर असेल, तर पालकांना तसे कळवावे लागते.

हे सारे समजेल अशा स्वरूपात आणि ‘शक्य तितपत’ पालकांच्या भाषेत द्यावे, असे कायदा म्हणतो. सगळी मेख त्या ‘शक्य तितपत’मध्ये आहे. न्यू जर्सीत मुलाकडे राहून नातवंडे सांभाळणाऱ्या मराठी आजीला शाळेची नोटीस मराठीत हवी असेल, तर ती मागता येते. मिळेलच असे नाही. टायटल वन शाळेत शाळा, पालक आणि कधी विद्यार्थी यांच्या सह्यांचे करारपत्रही असते; ते मुलाच्या दप्तरातून घरी येते. ते न वाचताच सही होऊन परत जाण्याची शक्यता कुठल्याही प्रगतिपुस्तकाइतकीच.

अपंग मुलांसाठीच्या, मूळ १९७५ च्या कायद्याची धार वेगळी आहे. तिथे मुलाची वैयक्तिक शिक्षण-योजना ठरवणाऱ्या बैठकीत पालक हे गटाचे सदस्य असतात. वाद झाल्यास सुनावणी आणि पुढे न्यायालय खुले असते. कायदा समजावून देणारी पालक-केंद्रे याच कायद्याखाली राज्याराज्यांत चालतात. ओहायोतील एका मुलाच्या आईवडिलांनी वकील न परवडल्याने त्याचा खटला स्वतःच चालवायला घेतला, तेव्हा हे हक्क पालकांचे स्वतःचेही आहेत, त्यामुळे वकिलावाचून त्यांना दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला.