संपादकाचें दार

वादाच्या दोन रीती महाराष्ट्रानें एकोणिसाव्या शतकांत अनुभविल्या. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनारीं विष्णुबोवा ब्रह्मचारी व ख्रिस्ती मिशनरी यांचे धर्मविषयक वाद लोकांसमक्ष उघड्यावर झाले. वृत्तपत्राची गोष्ट निराळी. तेथें दारापाशीं संपादक उभा असतो. कोणतें पत्र आंत घ्यावें, हें तोच ठरवितो. भाऊ महाजनांनीं १८४८ पासून ‘प्रभाकरा’चें दार उघडें ठेविलें, म्हणूनच लोकहितवादींचीं झोंबणारीं पत्रें वाचकांपर्यंत पोंचलीं.

परंतु दाराचे धनी अनेक असले म्हणजे? ‘केसरी’ १८८१ मध्यें निघाला. १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढले. तरीहि सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचीं मतें फांकलीं. पत्र सर्वांचें, तेव्हां एकाच्या मतास त्यांत पुरती मोकळीक कशी मिळावी? १८८७ मध्यें आगरकरांनीं संपादकत्व सोडलें व १८८८ मध्यें ‘सुधारक’ काढला.

संपादकाच्या निवडीस कित्येक मुस्कटदाबी म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या घरांत कोणास बोलूं द्यावें, हा घरधन्याचा अधिकार होय. मात्र नाकारलेल्यास दुसरें घर बांधतां आलें पाहिजे. आगरकरांस तें बांधतां आलें. ज्यांस शतकानुशतकें अक्षरच वर्ज्य होतें, त्यांनीं काय करावें? १९२० मध्यें डॉ. आंबेडकरांनीं पत्र काढलें, त्याचें नांव ‘मूकनायक’. तोंवर बंद राहिलेल्या किती दारांची कहाणी त्या एका नांवांत सांठविली आहे!