सोपाऱ्याचे पंडित आणि बनारसचा खोटा पत्ता

आमच्या सांडोरहून उत्तरेस सोपाऱ्याकडे गेलें म्हणजे बुरुड राजाचा कोट लागतो. 1882 च्या एप्रिलांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो खणविला, तेव्हां विटांच्या स्तूपाच्या पोटांतून दगडी करंडा निघाला. त्यांत आठ बुद्धमूर्ती आणि एकींत एक बसविलेल्या तांब्याच्या, रुप्याच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या व सोन्याच्या डब्या होत्या. ही हकीकत वसईकडील पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु याच पंडितांच्या श्रमांतून सिद्ध झालेला एक ग्रंथ पुढील वर्षीं इंग्लंडांत चोरून छापला गेला, हें फार थोड्यांस माहीत असेल.

इंग्लंडांत अशा पुस्तकांचा चोरटा बाजारच होता. लंडनमधील हॉलिवेल स्ट्रीट ही त्याची पेठ. विल्यम डगडेल नांवाचा प्रकाशक तेथें वर्षानुवर्षें हा धंदा करी. वारंवार शिक्षा भोगून 1868 मध्यें तो तुरुंगांतच वारला. 1857 च्या लॉर्ड कॅम्बेल यांच्या कायद्यानें मॅजिस्ट्रेटला झडती घेऊन असा माल नष्ट करविण्याचा अधिकार मिळाला. धंदा मात्र बंद पडला नाहीं. तो गल्लींतून दिवाणखान्यांत गेला. पुस्तकें महागलीं, वर्गणीदारांपुरतीं निघूं लागलीं, आणि त्यांवर खोटें गांव येऊं लागलें. गरिबाच्या हातीं तें अश्लील, श्रीमंताच्या कपाटांत तें दुर्मिळ, असा हा न्याय!

वात्स्यायन विलायतेस गेला तो याच वाटेनें. बेळगांवीं जन्मलेले, मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींतले आर्बथनॉट आणि त्यांचे मित्र रिचर्ड बर्टन यांनीं 1873 मध्यें ‘अनंगरंगा’चें भाषांतर छापावयास दिलें. आपलीं आद्याक्षरें त्यांनीं उलटीं करून घातलीं होतीं. तरी मुद्रक घाबरला व मोजक्या प्रती काढून थांबला. त्या भाषांतराच्या वेळीं पंडितांकडून वात्स्यायनाचें नांव वरचेवर कानीं आल्यामुळें ‘कामसूत्रा’चा शोध सुरू झाला. मुंबईची पोथी सदोष निघाली, म्हणून बनारस, कलकत्ता व जयपूर येथून प्रती मागविल्या, आणि चार पोथ्या ताडून भगवानलालांनीं पाठ शुद्ध केला. इंग्रजी भाषांतरांत त्यांच्यासह शिवराम परशुराम भिडे यांचा हात होता. आर्बथनॉट व बर्टन यांनीं तें सफाईदार केलें. 1883 मध्यें तें ‘कामशास्त्र सोसायटी, लंडन व बनारस’ या नांवानें, खासगी प्रसारापुरतें म्हणून, निघालें. सोसायटी म्हणजे काय, तर हे दोघे आणि त्यांचे मूठभर स्नेही! छपाईशीं बनारसचा कांहीं संबंध नव्हता. पण गंगाकांठच्या पत्त्यावर लंडनचा पोलीस झडतीस कसा जाणार?

प्रस्तावनेंत पाठशुद्धीबद्दल मुख्य पंडितांचा दाखला छापला आहे. त्यांचें नांव नाहीं. साहेबांनीं कायद्याच्या भीतीनें नांवें झांकलीं, हें समजूं शकतें. पण भय सरल्यावर ग्रंथावर ठळक चढलें तें एकट्या बर्टन यांचें नांव, आणि ज्यांनीं अक्षर न् अक्षर लाविलें ते भगवानलाल व भिडे अंधारांतच राहिले. ही मला निव्वळ अनवधानाची गोष्ट वाटत नाहीं.

सोपाऱ्याचा वृत्तांत मात्र भगवानलालांनीं स्वतःच्या नांवानें प्रसिद्ध केला. तेथील डब्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत गेल्या.