उंबरठ्याआतला कॅमेरा

१९८९मध्ये फॉक्स वाहिनीवर ‘कॉप्स’ सुरू झाले आणि पोलिसांमागून कॅमेरा जाणे अमेरिकेत नित्याचे झाले. तो उंबरठा ओलांडू शकतो का, याचे उत्तर मात्र दहा वर्षांनी मिळाले.

१९९३मध्ये मोंटानातील एका पशुपालकाच्या जागेवर वन्यजीव खात्याने झडती घेतली, तेव्हा सीएनएनचे पथक सोबत होते. एका अधिकाऱ्याच्या अंगावर वाहिनीचा मायक्रोफोन होता. त्याआधी, १९९२मध्ये, मेरीलँडमध्ये पोलीस सकाळी एका घरात शिरले, सोबत वृत्तपत्राचा छायाचित्रकार. हवा असलेला मुलगा घरात नव्हता. सापडले रात्रीच्या कपड्यांतले आईवडील.

‘विल्सन विरुद्ध लेन’ हा मेरीलँडचा खटला आणि मोंटानाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २४ मे १९९९ रोजी एकाच दिवशी निकाली काढले. वॉरंटच्या अंमलबजावणीत मदत न करणाऱ्या पत्रकारांना घरात आणणे हा चौथ्या घटनादुरुस्तीचा भंग आहे, यावर नऊही न्यायमूर्तींचे एकमत झाले. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी थेट १६०४च्या इंग्रजी निकालाचा दाखला दिला.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. घटना घडली तेव्हा हा नियम सुस्पष्ट नव्हता, म्हणून अधिकाऱ्यांना भरपाईच्या दाव्यापासून संरक्षण मिळाले. इथे एकमत नव्हते. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी वेगळे मत नोंदवले.

हा निकाल घरापुरता होता. केवळ चित्रीकरणासाठी आरोपीला ठाण्याबाहेर फिरवून आणणेही घटनाबाह्य, असे न्यूयॉर्कमधील संघीय अपील न्यायालयाने २०००मध्ये ठरवले. तिथेही अधिकारी त्याच कारणाने सुटला. हक्क दोन्हीकडे मान्य झाला. ज्यांनी तो लढून मिळवला, त्यांची झोळी त्या अधिकाऱ्यांकडून मात्र रिकामीच राहिली.