मार्गारेट ऑफ आंजू

(२३ मार्च १४३०–२५ ऑगस्ट १४८२). इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याची राणी आणि गुलाबांच्या युद्धांत लँकेस्टर पक्षाची खरी सूत्रधार. जन्म लॉरेनमध्ये. वडील रने हे आंजूचे ड्यूक. नेपल्स, सिसिली, जेरुसलेम अशा राज्यांची बिरुदे ते लावत, पण हाती मुलूख थोडा आणि पैसा त्याहून थोडा. इंग्लंड-फ्रान्समधील शतवार्षिक युद्ध थोपवण्यासाठी १४४४ मध्ये तूर येथे तह झाला आणि त्याच बोलण्यांत तिचा विवाह ठरला. २३ एप्रिल १४४५ रोजी टिचफील्डच्या मठात लग्न, ३० मे रोजी वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेक. तेव्हा तिचे वय १५ होते. पुढे इंग्लंडने मेन प्रांत फ्रान्सला दिला आणि त्याचा राग लोकांनी तिच्यावर काढला. केंब्रिजचे क्वीन्स कॉलेज तिने १४४८ मध्ये स्थापले.

ऑगस्ट १४५३ मध्ये हेन्रीची शुद्ध हरपली. तो बोलेना, माणसे ओळखेना. १३ ऑक्टोबरला मुलगा एडवर्ड जन्मला. बापाला त्याचा पत्ता नव्हता. बाळंतपणाला जेमतेम तीन महिने झाले असताना, जानेवारी १४५४ मध्ये, मार्गारेटने मागण्यांची यादी पुढे केली: राज्याचा सर्व कारभार आपल्याकडे द्यावा, चॅन्सलर, खजिनदार, शेरीफ आणि बिशप नेमण्याचा अधिकार असावा, राजा, राजपुत्र व आपल्या खर्चाची तरतूद व्हावी. फ्रान्समध्ये राणीने राज्य सांभाळण्याचा पायंडा होता. तिच्या स्वतःच्या माहेरीही बाप कैदेत असताना आई आणि आजीने कारभार पाहिला होता. तिच्या दृष्टीने मागणी रीतीला धरूनच होती. इंग्लंडच्या सरदारांनी मात्र ती मानली नाही आणि राज्यरक्षक म्हणून यॉर्कचा ड्यूक रिचर्ड याला नेमले. तिच्या पुढील सगळ्या वागण्याचा उगम या नकारात शोधावा लागतो. स्वतःच्या नावाने सत्ता मिळत नाही म्हटल्यावर तिने ती नवऱ्याच्या आणि मुलाच्या नावाने चालवली. १४५९ मध्ये चेशरच्या सरदारांना हंसाची पदके वाटली, तीही पाच वर्षांच्या राजपुत्राची म्हणून.

ऑक्टोबर १४६० च्या करारात हेन्रीने आपल्यामागे गादी यॉर्कला द्यावी असे ठरले. म्हणजे एडवर्डचा वारसा गेला. ३० डिसेंबरला वेकफील्डच्या लढाईत यॉर्क मारला गेला. शेक्सपिअरच्या नाटकात तिथे मार्गारेट यॉर्कची क्रूर विटंबना करते. वास्तविक त्या दिवशी ती स्कॉटलंडमध्ये मदत मिळवण्याच्या खटपटीत होती. तिची लोकांतली प्रतिमा अशी रंगभूमीने घडवली आहे आणि तिच्यावर तो अन्याय आहे. दोष तिच्याकडे नव्हते असे नाही. १७ फेब्रुवारी १४६१ रोजी सेंट ऑल्बन्सला जिंकून तिने यॉर्क पक्षाच्या ताब्यातील नवऱ्याला सोडवले. पण तिच्या उत्तरेकडील फौजेने वाटेत लूटमार केली होती. धास्तावलेल्या लंडनने वेशी उघडल्या नाहीत आणि ती माघारी फिरली. २९ मार्चला टाउटनला तिच्या पक्षाचा पुरता मोड झाला.

नंतरची काही वर्षे वडिलांच्या मुलखात कर-ला-पेतीतच्या गढीत, मोजक्या माणसांसह गेली. १४७० मध्ये तिचा आतेभाऊ, फ्रान्सचा अकरावा लुई, याच्या मध्यस्थीने आंजेर येथे तिने यॉर्क पक्षातला आपला जुना वैरी, वॉरिकचा अर्ल, याच्याशी समेट केला. त्याला तिने बराच वेळ गुडघ्यांवर ठेवले, असे सांगतात. त्याची मुलगी ॲन हिच्याशी एडवर्डचे लग्न झाले. १४ एप्रिल १४७१ रोजी मार्गारेट इंग्लंडमध्ये वेमथला उतरली. त्याच दिवशी बार्नेटला वॉरिक पडला. ती वेल्सकडे निघाली तर ग्लॉस्टरने वेस बंद ठेवली, सेव्हर्न नदी ओलांडता आली नाही. ४ मे रोजी ट्यूक्सबरीला १७ वर्षांचा एडवर्ड मारला गेला. २१ मेच्या रात्री लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असलेला हेन्रीही गेला. ज्यांच्या नावाने ती लढली, ते दोघेही उरले नाहीत.

ट्यूक्सबरीनंतर ती यॉर्क पक्षाच्या हाती सापडली. चार वर्षांहून अधिक कैदेनंतर लुईने ५०,००० क्राउन खंडणी कबूल करून तिला सोडवले आणि बदल्यात माहेरच्या मिळकतीवरचे सगळे हक्क लिहून घेतले. ती सोम्यूरजवळ दांपिएर येथे वारली. मृत्युपत्रात तिने आईवडिलांशेजारी दफनाची इच्छा आणि असेल त्या चीजवस्तूंतून देणी फेडण्याची विनंती लिहिली होती. आंजेरच्या कॅथीड्रलमध्ये तिला पुरले. ती कबर फ्रेंच राज्यक्रांतीत उद्ध्वस्त झाली.