सेक्की तबकडी

तळे, धरण, खाडी किंवा समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता जागेवरच मोजण्याचे साधन. खाली वजन लावलेली गोल तबकडी आणि खुणा केलेली दोरी, एवढाच याचा पसारा. तबकडी पाण्यात सोडत गेल्यावर ती जिथे दिसेनाशी होते, त्या खोलीला ‘सेक्की खोली’ म्हणतात.

अँजेलो सेक्की (१८१८–१८७८) हे रोममधील जेझुइट खगोलशास्त्रज्ञ. त्यांची ख्याती ताऱ्यांच्या वर्णपटांसाठी. पोपच्या नौदलातील अधिकारी अलेस्सांद्रो चाल्दी यांच्यासोबत एप्रिल १८६५ मध्ये त्यांनी भूमध्य समुद्रात निरनिराळ्या आकारांच्या व रंगांच्या तबकड्या बुडवून पाहिल्या. पुढे १८९९ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज व्हिपल यांनी तबकडीचे चार भाग करून ते आलटून पालटून काळे-पांढरे रंगवले. गोड्या पाण्यात २० सेंमी व्यासाची ही तबकडी रूढ आहे; समुद्रात बहुधा मोठी, पूर्ण पांढरी वापरतात.

मोजमाप भर दुपारच्या आसपास, होडीच्या सावलीच्या बाजूने घेतात, म्हणजे पाण्यावरची चकाकी आड येत नाही. गॉगल उतरवावा लागतो. तबकडी नाहीशी झाली की दोरी चिमटीत धरायची, मग हळूहळू वर ओढून ती पुन्हा कुठे दिसते ते पाहायचे आणि दोन्ही खोल्यांची सरासरी काढायची. डोळा माणसागणिक बदलतो, तसे उत्तरही थोडे बदलते. तरीही पद्धत जवळपास तीच राहिल्याने जुन्या नोंदी आजच्या नोंदींशेजारी ठेवता येतात. अमेरिकेतील टाहो सरोवरात १९६८ पासून अशी मोजणी चालू आहे. तेव्हा सुमारे ३१ मीटर असलेली वार्षिक सरासरी अलीकडे २० मीटरच्या आसपास आली आहे.

रॉबर्ट कार्लसन यांनी १९७७ मध्ये सेक्की खोलीवरून तलावातील पोषणस्थितीचा, म्हणजे पोषकद्रव्यांमुळे किती शेवाळ वाढते याचा, निर्देशांक मांडला : १ मीटरला ६०, २ मीटरला ५०. मात्र पाणी शेवाळाने गढुळले की मातीने, हे तबकडीला कळत नाही. पावसाळ्यात धरणात तांबडे पाणी आले की हा निर्देशांक फसतो.

मत्स्यतळ्यांत हिशेब उलटा असतो. तिथे नितळ पाणी म्हणजे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे माशांचे नैसर्गिक खाद्य, कमी. साधारण ३० ते ४० सेंमी खोली चांगली मानतात. तबकडी नसेल तर हात पाण्यात उभा बुडवतात. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसेनासा झाला, तर पाण्यात प्लवक पुरेसे आहे असे धरतात.