लहान विमानांच्या सुरक्षा नियमांविषयीचा वाद

लहान खासगी व प्रशिक्षण विमानांना प्रवासी विमानांइतकेच कडक सुरक्षा नियम लागू करावेत का, हा नागरी विमान वाहतुकीतील वादाचा विषय आहे. भारतात घातपात रोखण्याचे नियम नागरी विमानन सुरक्षा ब्युरो ठरवतो, तर उड्डाणाची सुरक्षितता नागरी विमानन महासंचालनालय पाहते.

कडक नियमांचे समर्थक अमेरिकेतील टँपा येथील घटनेचा दाखला देतात. जानेवारी २००२ मध्ये तेथे १५ वर्षांच्या प्रशिक्षणार्थीने परवानगीविना सेसना विमान उडवून ते उंच इमारतीवर आदळवले. विरोधक याच घटनेकडे बोट दाखवतात: हलक्या विमानाचे वजन व इंधन मर्यादित असल्याने वैमानिकाखेरीज कोणीही दगावले नाही. शिवाय नव्या नियमांचा खर्च प्रशिक्षण संस्थांवर पडतो.

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण चालते. तेथील प्रशिक्षण विमानांना एप्रिल २०१७ व मार्च २०२३ मध्ये झालेल्या अपघातांत प्रत्येकी दोघांचा मृत्यू झाला. असे अपघात प्रवेशद्वारावरील तपासणीने टळत नाहीत. त्यासाठी विमानाची देखभाल, हवामानाचा अंदाज व प्रशिक्षकांची देखरेख महत्त्वाची असते. त्यामुळे घातपाताचा धोका आणि अपघाताचा धोका यांचा विचार स्वतंत्रपणे करणे या वादात आवश्यक ठरते.